पार्श्वकार्य रांग

वेब अनुप्रयोगाकडे आलेल्या मागणीतील जे काम त्याच क्षणी पुरे करणे आवश्यक नसते, ते नोंदवून ठेवून मागाहून स्वतंत्रपणे पार पाडण्याची संगणकीय व्यवस्था. व्यवहारात तिला ‘जॉब क्यू’ किंवा ‘बॅकग्राउंड क्यू’ असे म्हणतात. संकेतस्थळावर मागणी नोंदविणाऱ्या व्यक्तीला ती स्वीकारली गेल्याचे उत्तर ताबडतोब मिळते; पावती तयार करणे, लघुसंदेश व ई-मेल धाडणे, छायाचित्रांचे आकारमान बदलणे, दुसऱ्या संस्थेच्या संगणकाशी हिशेब जुळविणे यांसारखी वेळखाऊ कामे तिच्या दृष्टीआड चालू राहतात. या व्यवस्थेमुळे उत्तर लवकर मिळते. पण त्याबरोबर एक जबाबदारीही उत्पन्न होते. काम ‘स्वीकारले’ असे एकदा सांगितल्यावर ते हरवता कामा नये आणि त्याचा परिणाम दोनदाही होता कामा नये. पार्श्वकार्य रांगेच्या मांडणीतील बहुतेक निर्णय या दोन अटींतून निघतात.

घाटपायथ्याची दोन उदाहरणे : रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले आहेत. मुंबई–पुणे लोहमार्ग कर्जतवरून आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग खालापूरवरून घाटाकडे जातो. या दोन्ही ठिकाणी रांगेच्या व्यवस्थेची दोन निरनिराळी अंगे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात.

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यावरील सर्वांत तीव्र चढ ३७ मी. अंतरास १ मी. असा आहे. गाडीचे स्वतःचे एंजिन हा चढ एकट्याने पार करू शकत नाही. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत स्थानकात मागील बाजूस जादा एंजिने जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. सुमारे २८ किमी. वरील लोणावळ्यास ती सोडविली जातात. या कामासाठी गाड्यांना कर्जतला थांबावे लागते आणि तेथील बटाटेवड्याचा लौकिकही बराचसा या थांब्यामुळे झाला आहे. गाड्या म्हणजे कामे आणि बँकर म्हणजे ती पार पाडणारे कामगार, असे मानल्यास पार्श्वकार्य रांगेतील एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. लोणावळ्यास मोकळा झालेला बँकर लगेच पुढील गाडीस उपलब्ध होत नाही. त्याला पुन्हा खाली कर्जतला यावे लागते. म्हणून किती बँकर लागतील याचा हिशेब करताना केवळ चढणीचा वेळ न धरता जोडणी, चढण, सोडवणूक व परतीचा प्रवास मिळून होणाऱ्या पूर्ण फेरीचा वेळ धरावा लागतो. संगणकातही काम उचलणे, आवश्यक माहिती आणणे, दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणे आणि काम पूर्ण झाल्याची नोंद करणे, हा सर्व वेळ एका कामाच्या खर्ची पडतो.

दुसरे उदाहरण द्रुतगती मार्गावरील खालापूर पथकर नाक्याचे आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा हा सुमारे ९४·५ किमी. लांबीचा मार्ग २००२ मध्ये संपूर्णपणे खुला झाला. रोख पथकर घेण्याच्या पद्धतीत पैसे देणे, सुटे परत घेणे व पावती फाडणे हे सर्व वाहन उभे असतानाच होत असे. म्हणजे संपूर्ण व्यवहार अग्रभागी होई आणि त्याचा भार मागे उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनावर पडे. फास्टॅग पद्धतीत या व्यवहाराचे दोन भाग करण्यात आले आहेत. वाहनाच्या काचेवरील टॅगचा क्रमांक मार्गिकेतील वाचक यंत्र रेडिओ तरंगांच्या साह्याने वाचते. नाक्यावरील संगणक तो क्रमांक अपवाद-यादीत, म्हणजे शिल्लक नसलेल्या किंवा रोखून ठेवलेल्या टॅगांच्या यादीत, आहे काय एवढेच पाहतो. ही यादी नाक्यावर आधीच उतरवून घेतलेली असते. टॅग त्या यादीत नसल्यास दांडा वर होतो व वाहन निघून जाते. व्यवहाराची नोंद त्यानंतर नाक्याच्या बँकेकडे, तेथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या जाळ्यातून टॅग देणाऱ्या बँकेकडे जाते आणि खात्यातून रक्कम वजा होते. तोपर्यंत वाहन घाट चढू लागलेले असू शकते. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ मध्ये, तर रस्ते विकास महामंडळाच्या पथकर नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग अनिवार्य करण्यात आला.

वेब अनुप्रयोगातील पार्श्वकार्याचे तत्त्व हेच आहे. दांडा उघडावा की नाही हा निर्णय जागच्या जागी व्हावयास हवा. हिशेब मागाहून झाला तरी चालतो. मात्र मागाहून व्हावयाची नोंद वाटेत हरवली, तर पथकर बुडतो. तीच नोंद दोनदा पोहोचली व दोन्ही वेळा खरी मानली गेली, तर प्रवाशाचे पैसे दोनदा जातात.

इतिहास : कामे रांगेत लावण्याची कल्पना वेबच्या पुष्कळ आधीची आहे. १९५० नंतरच्या दोन दशकांत मोठ्या संगणकांवर कामे गठ्ठ्यांनी चालविली जात. वापरणाऱ्याने छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा संगणक केंद्रात द्यावयाचा व निकालाचे मुद्रित कागद नंतर घेऊन जावयाचे, अशी पद्धत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेला सीडीसी ३६०० हा संगणक त्या काळातील आहे. पुढे मुद्रणाची कामे चकतीवर साठवून मुद्रक मोकळा होईल तसतशी त्याकडे पाठविण्याची पद्धत रूढ झाली.

रांगेत थांबण्याच्या गणिताचा पाया डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी केंद्राच्या अभ्यासातून घातला. त्यांचा पहिला निबंध १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगेची सरासरी लांबी, कामांच्या आगमनाचा वेग व सरासरी प्रतीक्षा यांमधील संबंध सिद्ध केला.

वेब अनुप्रयोगांचा प्रसार झाल्यावर रांगेसाठी तयार साधने उपलब्ध झाली. ॲमेझॉनची सिंपल क्यू सर्व्हिस २००६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. रॅबिटएमक्यू २००७ मध्ये, तर रेडिस ही स्मृतीत माहिती ठेवणारी प्रणाली २००९ मध्ये पुढे आली. पायथन भाषेतील सेलरी व रुबी भाषेतील रेस्क्यू ही २००९ मधील आणि साइडकिक हे २०१२ मधील साधन होय. २०१६ च्या आरंभी प्रसृत झालेल्या पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९·५ या आवृत्तीत, दुसऱ्या प्रक्रियेने कुलूपबंद केलेल्या ओळी वगळून पुढची ओळ उचलण्याची सोय आली. तेव्हापासून लहान व मध्यम अनुप्रयोगांना स्वतंत्र साधनाविना नेहमीच्या माहिती-संग्रहातच भरवशाची रांग चालविणे सुलभ झाले.

घटक व कार्यपद्धती : या व्यवस्थेचे तीन घटक असतात. मागणी स्वीकारून कामाची नोंद करणारा वेब अनुप्रयोग हा पहिला. नोंदी सांभाळणारा मध्यस्थ म्हणजे रांग हा दुसरा. आणि रांगेतून एकेक नोंद उचलून काम करणारी प्रक्रिया, म्हणजेच वर्कर, हा तिसरा. वर्कर काम उचलतो त्या वेळी मध्यस्थ ती नोंद पुसून टाकीत नाही, तर ठराविक काळ इतरांपासून लपवितो. काम झाल्यावर वर्कर पोच देतो व मग नोंद कायमची काढली जाते. त्या मुदतीत पोच आली नाही, तर वर्कर बंद पडला असे समजून तीच नोंद दुसऱ्या वर्करला दिसू लागते.

पोच केव्हा द्यावयाची यावर भरवसा अवलंबून असतो. काम हाती घेतानाच पोच दिली, तर मध्येच बिघाड झाल्यास ते काम कायमचे हरवते. येथे प्रत्येक काम फार तर एकदा होते. काम संपल्यावर पोच दिली, तर काहीच हरवत नाही. पण काम झाल्यानंतर व पोच देण्याआधी बिघाड झाल्यास ते पुन्हा केले जाते. येथे प्रत्येक काम निदान एकदा होते. जाळ्यात केव्हाही खंड पडू शकतो, त्यामुळे प्रत्येक नोंद नेमकी एकदाच पोहोचेल अशी सर्वसाधारण हमी कोणताही मध्यस्थ देऊ शकत नाही. म्हणून पैशाच्या वा दस्तऐवजाच्या व्यवहारांत दुसरी पद्धत स्वीकारून पुनरावृत्तीचा बंदोबस्त कामाच्या आज्ञावलीतच केला जातो.

रांगेचे गणित : मांडणी करताना पहिला प्रश्न वर्कर किती असावेत, हा असतो. त्याचे उत्तर दोन राशींवरून काढता येते : कामे येण्याचा वेग आणि एका कामास लागणारा सरासरी वेळ. समजा, पावसाळ्यात कर्जत परिसरातील निवासगृहांची नोंदणी घेणाऱ्या एका संकेतस्थळावर शुक्रवारी सायंकाळी सेकंदाला २ पार्श्वकार्ये निर्माण होतात व प्रत्येकास ३ सेकंद लागतात. या दोहोंचा गुणाकार ६. म्हणजे सहा वर्कर क्षणभरही न थांबता काम करतील, तेव्हा आवक व जावक बरोबर होईल. परंतु सहा वर्कर ही योग्य संख्या नव्हे. कामे एकसारख्या अंतराने येत नाहीत. कधी विरळ, कधी झुंडीने येतात. एकाच वर्करच्या सर्वांत साध्या गणिती प्रतिमानात भार ५० टक्के असता व्यवस्थेत सरासरी १ काम असते. ८० टक्क्यांस ४, ९० टक्क्यांस ९ आणि ९५ टक्क्यांस १९ कामे असतात. भार शंभर टक्क्यांजवळ जाऊ लागला म्हणजे प्रतीक्षा अशी झपाट्याने वाढते. घाटातील वाहतूक बराच वेळ सुरळीत चालते आणि थोडी वाहने वाढताच एकदम तुंबते, त्यातही हाच प्रकार दिसतो.

दुसरा हिशेब साचलेले काम उपसण्याचा आहे. वरील उदाहरणात वर्कर अर्धा तास बंद पडले, तर ३,६०० कामे साचतील. ती उपसताना नवी कामे येतच राहतात. आठ वर्कर असतील तर सेकंदाला सुमारे २·६७ कामे होतील, त्यांपैकी २ नव्या आवकेत खर्ची पडतील आणि साचलेली कामे संपण्यास दीड तास लागेल. सात वर्करना त्यासाठी तीन तास लागतील. बारा वर्कर अर्ध्या तासात ती उरकतील. आणि सहा वर्कर असल्यास रांग त्या रात्री कधीच ओसरणार नाही. म्हणून वर्करची संख्या ठरविताना नेहमीचा भार पेलला जातो काय एवढेच पाहून भागत नाही. खंड पडल्यानंतर पूर्वस्थिती येण्यास किती वेळ लागलेला चालेल, हे आधी ठरवावे लागते.

वर्कर हवे तितके वाढविता येत नाहीत. प्रत्येक वर्कर माहिती-संग्रहाची एक जोडणी अडवितो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते. चार प्रक्रिया व प्रत्येकीत २५ धागे ठेवले, तर पार्श्वकार्येच सर्व जोडण्या व्यापतील आणि मागणी स्वीकारणाऱ्या वेब अनुप्रयोगास एकही उरणार नाही. वर्कर वाढवूनही वेग वाढत नसेल, तर अडचण बहुधा माहिती-संग्रहात वा बाहेरच्या सेवेत असते.

मांडणीतील निर्णय : कोणते काम मागे ठेवावयाचे, हा पहिला निर्णय होय. ज्याचे फळ पाहूनच वापरणारी व्यक्ती पुढचे पाऊल टाकणार आहे, ते काम अग्रभागीच व्हावे. निवासगृहातील खोली शिल्लक आहे की नाही, हे नोंदणी स्वीकारतानाच निश्चित झाले पाहिजे; अन्यथा एकच खोली दोघांना दिली जाते. नोंदणीची पावती, मालकाला धाडावयाचा संदेश व महिन्याचा हिशेब ही कामे मागे ठेवता येतात. अशा वेळी उत्तरादाखल पाठवावयाचा एचटीटीपी संकेतांक २०२ हा असून त्याचा अर्थ ‘स्वीकारले आहे, पूर्ण झालेले नाही’ असा आहे.

दुसरा निर्णय रांगांच्या विभागणीचा आहे. एकाच रांगेत लहानमोठी कामे मिसळली, तर दोन सेकंदांचा संदेश वीस मिनिटांच्या वार्षिक अहवालामागे अडकून पडतो. यासाठी तातडीची, साधारण व दीर्घ अशा वेगवेगळ्या रांगा ठेवून प्रत्येकीस स्वतंत्र वर्कर देतात. केवळ अग्रक्रम लावल्यास तातडीची कामे सतत येत असता खालच्या क्रमाची कामे अनिश्चित काळ उपाशी राहतात. म्हणून त्यांच्यासाठी निदान एक वर्कर राखून ठेवणे इष्ट असते. काही कामांना सामाईक साधन लागतच नाही, हेही तपासावे. मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या अनेक डब्यांखाली चालक यंत्रणा असल्यामुळे ती बँकरविना घाट चढते आणि बँकरच्या रांगेत तिला उभे राहावे लागत नाही.

तिसरा निर्णय मुदतींचा. वर्करने एका कामास जास्तीत जास्त किती वेळ द्यावा, ही एक मुदत. आणि पोच न आल्यास मध्यस्थाने ती नोंद किती वेळाने दुसऱ्यास द्यावी, ही दुसरी. पहिली मुदत नेहमी दुसरीपेक्षा कमी असावी. पीएचपी भाषेतील लाराव्हेल या चौकटीत त्यांची मूळ मूल्ये अनुक्रमे ६० व ९० सेकंद आहेत. कोणी पहिली वाढवून १२० सेकंद केली व दुसरीकडे लक्ष दिले नाही, तर शंभर सेकंद चालणारे काम नव्वदाव्या सेकंदाला दुसरा वर्करही उचलतो आणि एकच काम दोन ठिकाणी चालू होते. ॲमेझॉनच्या सेवेत नोंद लपविण्याचा मूळ काळ ३० सेकंद व कमाल काळ १२ तास आहे. सेलरी रेडिसबरोबर वापरल्यास मूळ काळ एक तास असतो. ही मूल्ये जशीच्या तशी न ठेवता आपल्या सर्वांत दीर्घ कामाचे मोजमाप घेऊन ठरवावी लागतात.

चौथा निर्णय पुनःप्रयत्नांचा. संदेश पाठविणारी सेवा क्षणभर बंद असल्यास पुन्हा प्रयत्न करणे योग्य. परंतु सर्व वर्कर दर सेकंदाला तिच्यावर आदळू लागले, तर ती सावरूच शकत नाही. यासाठी प्रत्येक प्रयत्नानंतरचे अंतर दुप्पट करीत नेतात : १, २, ४, ८, १६ मिनिटे याप्रमाणे. शिवाय त्यात थोडी यादृच्छिक भर घालतात, म्हणजे एकाच वेळी अपयशी ठरलेली हजारो कामे पुन्हा एकाच वेळी परत येत नाहीत. साइडकिकमध्ये असे २५ प्रयत्न सुमारे तीन आठवड्यांत विभागलेले असतात. परंतु ज्या कामात दूरध्वनी क्रमांकच चुकीचा आहे, ते कितीही वेळा केले तरी यशस्वी होणार नाही. अशी कामे ठराविक प्रयत्नांनंतर ‘डेड लेटर क्यू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकामी रांगेत बाजूला काढावी लागतात. घाटात बंद पडलेला ट्रक क्रेनने मार्गिकेबाहेर घेतल्यावाचून मागची वाहतूक हलत नाही, तसेच हे आहे. मात्र बाजूला काढलेली कामे रोज कोणी तरी पाहिली पाहिजेत. अन्यथा निकामी रांग म्हणजे काम हरविण्याचीच एक जागा ठरते.

पाचवा व सर्वांत महत्त्वाचा निर्णय पुनरावृत्तीच्या बंदोबस्ताचा आहे. एकच काम दोनदा केले तरी परिणाम एकदाच व्हावा, यासाठी प्रत्येक व्यवहारास एकमेव ओळख देतात. पथकराच्या बाबतीत टॅगचा क्रमांक, नाका, मार्गिका व वाहन गेल्याची वेळ यांवरून अशी ओळख बनविता येते. माहिती-संग्रहात त्या ओळखीवर एकमेवत्वाचे बंधन घातले, म्हणजे दुसऱ्या वेळी रक्कम वजा करण्याचा प्रयत्न संग्रहच नाकारतो. ओळख व्यवहार घडताना ठरली पाहिजे. वर्करने प्रत्येक प्रयत्नास नवी ओळख दिली, तर सर्व बंदोबस्त व्यर्थ जातो.

नोंदीत काय लिहावयाचे, हाही विचारपूर्वक ठरविण्याचा भाग आहे. सामान्यतः संपूर्ण माहिती न भरता तिचा क्रमांक द्यावा, म्हणजे वर्करला काम करताना ताजी माहिती मिळते. पण जी गोष्ट त्या क्षणाशी बांधलेली आहे, ती नोंदीतच असावी. द्रुतगती मार्गावरील पथकराचे दर १ एप्रिल २०२३ रोजी वाढले. ३१ मार्चच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी गेलेल्या वाहनाची नोंद मध्यरात्रीनंतर हाती आली, तर आकारणी जुन्या दरानेच व्हावयास हवी. त्यासाठी नोंद हाताळल्याची वेळ उपयोगाची नसून वाहन गेल्याची वेळ लागते.

नोंद टिकण्याची व्यवस्था : काम रांगेत घालणे आणि मूळ व्यवहार माहिती-संग्रहात पक्का करणे या दोन क्रिया भिन्न ठिकाणी होत असल्यास त्यांच्या मधल्या क्षणी धोका असतो. काम आधी रांगेत घातले, तर चपळ वर्कर ते उचलतो व मूळ नोंद अजून पक्की न झाल्यामुळे त्याला ती सापडत नाही. व्यवहार आधी पक्का केला व लगेच सर्व्हर बंद पडला, तर काम रांगेत जातच नाही. यावर उपाय म्हणून त्याच माहिती-संग्रहातील एका तक्त्यात कामाची नोंद मूळ व्यवहाराबरोबरच करतात. दोन्ही पक्क्या होतात किंवा दोन्ही रद्द होतात. तेथून ती मध्यस्थाकडे नेण्याचे काम वेगळी प्रक्रिया करते.

रेडिसचा मध्यस्थ म्हणून उपयोग करताना विशेष दक्षता लागते. हेच साधन तात्पुरत्या माहितीच्या साठ्यासाठीही वापरले जाते आणि तेथे स्मृती भरली की जुनी माहिती टाकून देण्याची मुभा दिलेली असते. त्याच साठ्यात रांग ठेवल्यास स्वीकारलेली कामे निमूटपणे नाहीशी होऊ शकतात. म्हणून रांगेसाठी वेगळा रेडिस ठेवून माहिती टाकून देण्याचे धोरण बंद करतात व प्रत्येक बदल चकतीवर लिहिण्याची सोय चालू ठेवतात. दर सेकंदाला चकतीवर लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीतही बिघाडाच्या वेळी साधारणतः शेवटच्या एका सेकंदातील नोंदी गमावण्याची शक्यता उरते.

आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविताना वर्कर एकाएकी मारून टाकू नयेत. प्रथम नवे काम न उचलण्याचा इशारा देऊन हातातील काम पुरे करण्यास अवधी द्यावा. साइडकिकमध्ये हा मूळ अवधी २५ सेकंद आहे. जुन्या आवृत्तीने घातलेली कामे त्या वेळी रांगेत असतात, हे ध्यानात घेऊन नव्या आवृत्तीस जुन्या नोंदीही वाचता आल्या पाहिजेत.

देखरेख : रांगेच्या प्रकृतीचे मोजमाप बहुधा तिच्या लांबीवरून केले जाते, पण लांबी फसवी असते. दहा हजार हलकी कामे मिनिटभरात संपू शकतात, तर दहा जड कामे तासभर अडून राहतात. याहून खरे माप म्हणजे रांगेतील सर्वांत जुन्या कामाचे वय. तातडीच्या रांगेत ते अर्ध्या मिनिटावर, साधारण रांगेत दहा मिनिटांवर गेल्यास धोक्याची सूचना मिळावी, अशी व्यवस्था करता येते. त्याच्या जोडीला आवक व जावक यांचे वेग, फसलेल्या कामांचे प्रमाण आणि निकामी रांगेतील नोंदींची संख्या यांवर लक्ष ठेवतात. सर्व वर्कर बंद पडले असता संकेतस्थळ बाहेरून ठणठणीत दिसते, मागण्या स्वीकारते व आभारही मानते. बिघाड मागच्या दाराशी साचत असतो. म्हणून देखरेखीची यंत्रणा रांगेहून स्वतंत्र ठेवावी लागते. धोक्याचा संदेश त्याच रांगेतून पाठविला, तर तोही तेथेच अडकतो.

मर्यादा : रांग ही क्षमता वाढविणारी यंत्रणा नव्हे, ती प्रतीक्षेची जागा बदलते. नाक्यावरील दांडा लवकर उघडल्याने घाटरस्ता रुंद होत नाही, आणि उत्तर लवकर दिल्याने वर्करचे काम कमी होत नाही. तात्पुरती गर्दी ओसरेपर्यंत कामे सांभाळण्यास रांग उत्तम असते. आवक कायमच जावकेपेक्षा अधिक असेल, तर ती फक्त अपयश पुढे ढकलते. म्हणून रांगेला कमाल मर्यादा घालून ती गाठल्यावर नव्या मागण्या स्पष्टपणे नाकारणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते. काही कामांचे मोल ठराविक वेळेपुरतेच असते : पाच मिनिटे चालणारा सांकेतिक अंक विसाव्या मिनिटाला पोहोचून उपयोग नाही, अशी शिळी कामे मुदत संपताच टाकून द्यावीत.

कर्जतच्या फलाटावर थांबलेल्या प्रवाशाला गाडी का थांबली आहे, हे दिसते. पार्श्वकार्याची वाट पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी काम होऊन गेलेले असते. यामुळे ‘स्वीकारले’, ‘चालू आहे’, ‘पूर्ण झाले’ व ‘होऊ शकले नाही’ या चारही अवस्था त्याला पाहता येतील अशी सोय करणे, हा रांगेच्या मांडणीचाच भाग मानला जातो. वर्करची संख्या, मुदती व पुनःप्रयत्न यांचे आकडे अनुभवाने पुन्हा पुन्हा बदलावे लागतात. स्वीकारलेल्या प्रत्येक कामाचा शेवट काय झाला, हे केव्हाही सांगता आले पाहिजे, ही अट मात्र बदलत नाही.